बाळाची पेज : घट्ट की पातळ?

सहा महिने पूर्ण झाले, की बाळाला आईच्या दुधाबरोबर पूरक आहार लागतो. अंबाजोगाईसारख्या गावात त्यासाठी लागणारी ज्वारी, गहू आणि मूग बहुधा घरातच असतात. अडचण वेगळी असते. पेज शिजताना पिठातील स्टार्च पाणी शोषून फुगतो. घट्ट पेज बाळाला गिळवत नाही. पाणी वाढवले, तर इवलेसे पोट भरते, पण पोषण अपुरे राहते.

यावर सोपा घरगुती उपाय आहे. गहू भिजवून, मोड आणून, कडकडीत वाळवावेत आणि मंद आचेवर हलकेच भाजून दळावेत. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर वाढते व ते स्टार्चचे तुकडे करते. शिजलेली घट्ट पेज जरा निववून तीत चमचाभर हे पीठ कालवल्यास ती पाण्याविना पातळ होते. नंतर तिला पुन्हा एक उकळी द्यावी.

ज्वारी मात्र मोड न आणता भाजूनच दळावी. तिच्या कोंबांत सायनाइड निर्माण करणारा घटक असतो. कोवळी ज्वारी जनावरांना बाधते ती त्यामुळेच. वर्षाच्या आत मीठ, साखर आणि मध टाळावा.

2016 साली मांजरा धरण आटले आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अंबाजोगाईची तहानही याच धरणावर भागते. अशा प्रदेशात कमी पाण्यावर येणारी ज्वारी बाळाच्या वाटीत असणे शहाणपणाचे. आणि गहू भिजवलेले पाणी कुंडीतल्या रोपाला घालावे, हेही ओघानेच आले.