शाळेची सरासरी : काय सांगते, काय लपवते?

अमेरिकेतील सरकारी ‘मिडल स्कूल’मध्ये साधारणपणे सहावी ते आठवीचे वर्ग असतात. अशा प्रत्येक शाळेची माहिती कोणालाही पाहता येते. गणितात व वाचनात किती टक्के मुले अपेक्षित पातळीला पोचली, किती मुले गरीब घरांतली आहेत, किती जणांना इंग्रजी अजून नीट येत नाही, हे सारे त्यात असते. घर कुठे घ्यायचे हे ठरवताना पालक हे आकडे पाहतात.

या आकड्यांवर शाळांचे भवितव्यही ठरत आले आहे. २००२ साली अमलात आलेल्या एका कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी परीक्षा घेणे बंधनकारक केले. केंद्राची मदत घेणाऱ्या शाळेने लागोपाठ दोन वर्षे उद्दिष्ट गाठले नाही, तर तिच्यावर ‘सुधारणेची गरज असलेली’ असा शिक्का बसे. पुढेही तसेच चालू राहिले, तर शिक्षक बदलण्यापर्यंत पाळी येऊ शके. २०१५ साली या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण वार्षिक परीक्षा कायम राहिल्या. म्हणूनच हे आकडे नीट वाचता येणे महत्त्वाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. (आकडे आम्ही समजण्यासाठी कल्पिले आहेत.) एका शाळेत ३०० मुले आहेत. त्यांपैकी २०० सुस्थितीतल्या घरांतली. त्यांची गणितातली सरासरी ७०. उरलेली १०० गरीब घरांतली. त्यांची सरासरी ५०. सगळ्या शाळेची सरासरी होते सुमारे ६३. पाच वर्षांत वस्ती बदलते. आता सुस्थितीतली मुले १०० आणि गरीब घरांतली २००. या काळात शिक्षकांनी मेहनत घेतली. पहिल्या गटाची सरासरी ७३ झाली, दुसऱ्याची ५४. दोन्ही गट पुढे गेले! पण शाळेची सरासरी काढा : ७३ गुणिले १०० अधिक ५४ गुणिले २००, भागिले ३००, म्हणजे सुमारे ६०. शाळा तीन गुणांनी ‘घसरली’.

इथे हिशेबात चूक कुठेच नाही. गटांचे प्रमाण बदलले की एकूण सरासरी गटांच्या उलट दिशेनेही जाऊ शकते. एडवर्ड सिम्प्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ साली अशा प्रकारच्या कोड्याची चर्चा केली, म्हणून त्याला ‘सिम्प्सनचा विरोधाभास’ म्हणतात. २००२च्या कायद्यात एक गोष्ट मात्र चांगली होती. निकाल गटवार जाहीर करणे त्याने सक्तीचे केले, त्यामुळे चांगल्या सरासरीच्या आड मागे पडलेली मुले लपेनाशी झाली.

पण गट पाडायचे कसे? गरिबी मोजण्याचे तिथले सोयीचे माप म्हणजे शाळेतले जेवण. कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर मुलाला मोफत, आणि १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत जेवण मिळते. आता या मापाचे काय झाले पाहा. २०१४ पासून देशभरात अशी सोय झाली, की गरीब मुलांचे प्रमाण पुरेसे असलेली शाळा अर्ज न मागवता सर्वांनाच मोफत जेवण देऊ शकते. मुलांच्या दृष्टीने ही उत्तम गोष्ट; पण अशा शाळेत ‘मोफत जेवण घेणारे १०० टक्के’ याचा अर्थ ‘सगळे गरीब’ असा उरत नाही. मापाचे नाव तेच राहते आणि अर्थ बदलतो.

तिसरी गोष्ट संख्येची. समजा, मुलांच्या गुणांचे प्रमाण विचलन १५ आहे. २५ मुलांच्या तुकडीची सरासरी निव्वळ योगायोगाने ३ गुणांनी सहज हलते, कारण १५ला २५च्या वर्गमुळाने भागायचे. २२५ मुले असतील तर ती फक्त १ गुणाने हलते. त्यामुळे लहान शाळा गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकाला जास्त दिसतात, आणि खालच्या टोकालाही! हॉवर्ड वेनर यांनी २००७ साली पेनसिल्व्हेनियातील शाळांच्या आकड्यांवरून हे दाखवले. केवळ वरचे टोक पाहणाऱ्याला मात्र ‘लहान शाळा म्हणजे उत्तम शाळा’ असे वाटते.

मग घरची परिस्थिती आणि अभ्यास यांचा संबंध नाहीच का? आहे, आणि घट्ट आहे. जेम्स कोलमन यांच्या १९६६च्या अहवालात सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी होती. घरच्या पार्श्वभूमीचा गुणांशी मोठा संबंध असल्याचे तिच्यात दिसले. पण त्याच पाहणीत हेही आढळले, की शाळाशाळांमधल्या फरकापेक्षा एकाच शाळेतल्या मुलामुलांमधला फरक कितीतरी मोठा असतो. म्हणजे गटाच्या सरासरीवरून समोरच्या मुलाचे भाकीत करता येत नाही.

शिवाय ‘मूल कुठे आहे’ आणि ‘मूल किती पुढे गेले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातले गुण एका मापावर आणले. शिकागोच्या सरकारी शाळांतली मुले तिसरीत राष्ट्रीय सरासरीच्या मागे होती. पण २००९ ते २०१४ या ५ वर्षांत, आठवीपर्यंत, ती सुमारे ६ वर्षांचा अभ्यास पुढे गेली. सरासरी गुण मुलाच्या जन्मापासूनच्या साऱ्या संधींचा हिशेब सांगतात. शाळेचे काम वाढीवरून अधिक कळते.

आपल्याकडे दहावीच्या निकालाची टक्केवारी वाचतानाही हे प्रश्न विचारता येतील. किती मुले बसली होती? गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या मुलांची घडण सारखी आहे का? ती शाळेत आली तेव्हा कुठे होती? आणि परीक्षेला न बसलेली मुले कोणत्या रकान्यात आहेत?

वर्गात एक प्रयोग करून पाहा. निम्म्या मुलांनी प्रत्येकी ४ वेळा आणि निम्म्यांनी ३६ वेळा नाणे उडवून छाप्यांची टक्केवारी काढावी. मग सर्वांची क्रमवार यादी फळ्यावर लिहा. यादीच्या दोन्ही टोकांना कोण बसले आहे ते मुलांनाच शोधू द्या. नाणे उडवण्यात कोणीही हुशार नव्हते, हे सर्वांना ठाऊक असेलच.