चेन घासते, पण दोष चेनचाच असतो का?

शिरूर-न्हावरे-चौफुला किंवा दौंड-पाटस रस्त्याच्या आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून अनेक मुले-मुली सायकलने शाळा गाठतात. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल थेट चेनकव्हरमध्ये जाऊन बसतो. मग एक दिवस चेन घासायला लागते. कोणी तेल ओततो, कोणी चेन आवळतो, कोणी दिसेल तो स्क्रू पिळतो आणि साधा बिघाड मोठा होतो. म्हणून आधी कारण शोधायचे, मगच पाना हातात घ्यायचा.

गैरसमज 1 : आवाज चेनचा, म्हणजे बिघाडही चेनचाच.

वस्तुस्थिती : कारण बऱ्याचदा दुसरीकडेच असते. सायकल स्टँडवर लावून मागचे चाक अधांतरी ठेवा, पायडल हाताने हळू फिरवा आणि आवाज किती वेळाने येतो ते ऐका. प्रत्येक फेऱ्याला ठरावीक जागी एकदाच येत असेल, तर चेनव्हील वाकलेले, क्रँक ढिली किंवा जुन्या सायकलीत कॉटर पिन झिजलेली असू शकते. दोन-अडीच फेऱ्यांनी येत असेल, तर चेनची एखादी कडी आखडलेली असण्याची शक्यता जास्त. चेनव्हीलला 44 दात आणि चेनला 110 कड्या असतील, तर तीच कडी अडीच फेऱ्यांनी पुन्हा त्याच जागी येते. पायडल थांबवल्यावरही, फ्रीव्हीलची नेहमीची टकटक सोडून, घासल्याचा आवाज येत राहिला तर चेन सोडा. ब्रेक, मडगार्ड आणि टायर पाहा.

गैरसमज 2 : चेन जितकी ताठ, तितकी ती कमी पडते.

वस्तुस्थिती : बिनगिअरच्या सायकलीत चेन मधोमध बोटाने दाबल्यावर सुमारे 10 ते 15 मिलिमीटर खाली-वर व्हायला हवी. चेनव्हील क्वचितच अगदी गोल असते. त्यामुळे पायडल फिरवत चेन सर्वांत ताठ होते ती जागा शोधावी आणि तिथे ही ढिलाई ठेवावी. त्याहून आवळली तर बेअरिंग झिजते, पायडलही जड जाते.

चेन पडण्याचे खरे कारण अनेकदा तिरके बसलेले चाक असते. पंक्चर काढून चाक परत बसवताना उजवा नट ढिला राहिला, तर जोर लावताच चेन एक्सलची उजवी बाजू पुढे ओढते आणि टायर डाव्या दांडीला घासतो. नट आवळण्यापूर्वी टायरच्या दोन्ही बाजूंना सारखी फट आहे ना, ते पाहा. मग मागे बसून एक डोळा मिटा: फ्रीव्हीलपासून चेनव्हीलपर्यंत चेन सरळ रेषेत दिसली पाहिजे.

गैरसमज 3 : करकर आली की तेल घाला.

वस्तुस्थिती : मातीवर तेल पडले की कड्यांना घासून खाणारा चिकटा तयार होतो. गाडीचे वापरलेले काळे ऑइल तर आणखी वाईट, कारण त्यात धातूचा कीसही असतो. आधी चिंधीने चेन पुसा. मग प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडा, पायडल उलटे फिरवा आणि बाहेरचे तेल पुसून टाका. तेल कडीच्या आत हवे, बाहेर नव्हे.

गैरसमज 4 : गिअर घासतात, म्हणून ‘एच’ आणि ‘एल’चे स्क्रू फिरवा.

वस्तुस्थिती : चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरने दोन्ही टोकांना कुठवर जायचे, एवढेच हे स्क्रू ठरवतात. मधल्या गिअरांचा आवाज बहुधा केबलच्या ताणाचा असतो. त्यासाठी केबलच्या टोकाची गोल फिरकी थोडी थोडी फिरवावी. सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकलेला असू शकतो. तो सरळ केल्याशिवाय कोणताही स्क्रू उपयोगी पडत नाही. पुढे मोठी चकती आणि मागेही मोठीच, किंवा दोन्हीकडे लहान, असे गिअर लावले तर चेन तिरकी चालते आणि पुढच्या डिरेलरला घासू शकते. तो बिघाड नाही. गिअर बदलला की आवाज थांबतो.

गैरसमज 5 : जुनी चेन ताणून लांब होते, नवी टाकली की काम झाले.

वस्तुस्थिती : पोलाद ताणले जात नाही. कड्यांच्या आतल्या पिना झिजतात आणि त्या झिजेची बेरीज होऊन चेन लांबते. दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. 24 कड्यांपुढची पिन 12 इंचांच्या खुणेपलीकडे दीड मिलिमीटर गेली असेल, तर चेन बदला. ती 3 मिलिमीटर गेली असेल, तर फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असतात. नुसती नवी चेन त्यांवर घसरते.

ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉलीशेजारून जाताना चेन उतरली तर पाय सटकतो, तोल जातो. या भागातल्या प्रत्येक शाळेत एक पाना, एक पट्टी आणि एक चिंधी असावी, आणि चेन कशी तपासायची हे मुलींनाही शिकवावे.