मशीन बाबांचं

आमच्या वेरिबीच्या घरात बीपीचं मशीन आलं ते बाबांसाठी. बाबा म्हणजे माझे सासरे. दोन वर्षांपूर्वी ते आणि आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा नवऱ्याने फार्मसीतून ते आणलं. सकाळचा चहा झाला की बाबा बाही वर करून बसायचे, दंडाला पट्टा गुंडाळायचे आणि मशीन फुगत असतानाच क्रिकेटवर बोलायला लागायचे. (मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आणि मोजताना तोंड बंद. पण बाबांना कोण सांगणार!) आकडे वहीत लिहायचं काम आईंकडे. तारीख, वेळ, वरचा, खालचा, सगळं वळणदार अक्षरात. सहा आठवडे त्या लिहीत होत्या, पण स्वतःचा दंड त्यांनी एकदाही त्या पट्ट्यात घातला नव्हता. आम्हीही कुणी घाला म्हटलं नाही.

एका संध्याकाळी नदीकाठी फिरून परत येताना चढावर आई थांबल्या. "दाढ दुखतेय गं," म्हणाल्या. दोन मिनिटांनी थांबली. तीन दिवसांनी पुन्हा तेच, त्याच चढावर. दाताच्या डॉक्टरांना दाखवलं, दात ठणठणीत. एका दवाखान्यात अॅसिडिटीची गोळी मिळाली. मग एका रात्री भांडी आवरताना माझ्याच डोक्यात आलं की दाढ फक्त चढावर कशी दुखते? मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि बाबांचं मशीन लावलं. 168 वर 64.

"खालचा तर यांच्यापेक्षा छान आहे की!" आई म्हणाल्या. बाबांचा त्या दिवशी 142 वर 86 होता. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. आपल्याकडे खालचा वाढला की घाबरायचं, वरचा वयानुसार वाढतोच, असं ऐकतच आपण मोठे झालो.

मी मराठीची एम.ए.; सांगलीच्या शाळेत आठ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाची बाई मी नव्हे. पण दुसऱ्या दिवशी ज्या जीपीकडे गेलो, त्यांनी त्या दोन आकड्यांमधल्या अंतरावर बोट ठेवलं: 104. त्या म्हणाल्या, हे अंतर मोठं असणं ही धमन्या ताठर झाल्याची खूण असू शकते. त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, ते शाळेतल्या सवयीने फळ्यावर मांडावं तसं मांडते.

हृदयातून निघणारी महाधमनी ही नुसती नळी नसते. ठोक्याबरोबर ती फुगते, थोडं रक्त पोटात धरून ठेवते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून ते पुढे ढकलते. म्हणून हृदय धक्क्याधक्क्याने चालत असलं तरी रक्त बऱ्यापैकी सलग वाहतं. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला ही ताणाताण लाखभर वेळा होते. ज्या धाग्यांमुळे ही लवचीकता असते, त्या इलॅस्टिनचा साठा बहुतांशी गर्भात आणि बालपणातच तयार होतो. पुढे नवं फारसं बनत नाही. वर्षानुवर्षांनी हे धागे झिजतात आणि त्यांची जागा कमी ताणले जाणारे कोलॅजन घेतं. आपल्या मागच्या अंगणातली पाण्याची नळी दोन-तीन उन्हाळे तापली की वळेनाशी होते, तसंच काहीसं.

मग काय होतं? भिंत ताणली जात नाही म्हणून ठोक्याच्या वेळी दाब जास्त चढतो, आणि धरून ठेवलेलं रक्त कमी म्हणून मधल्या वेळात दाब जास्त उतरतो. वरचा वर, खालचा खाली. आणि इथे खरी गोम आहे. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः या मधल्या वेळात. म्हणजे ताठर धमनीमुळे हृदयाला काम जास्त आणि खुराक कमी. त्यात हृदयाची एखादी धमनी चरबीने अरुंद झालेली असेल (हा वेगळा आजार, पण बरेचदा दोन्ही जोडीने येतात), तर चढावर हृदय कुरकुरणारच. ती कुरकुर छातीतच उमटेल असं नाही. जबड्यात, पाठीत, खांद्यात उमटते, नुसता दम लागतो, मळमळतं. बायकांमध्ये अशी आडवळणाची लक्षणं जास्त दिसतात, आणि बायका ती अॅसिडिटीच्या नावावर खपवतात. डॉक्टरही कधीकधी.

बायकांचं गणित आणखीही वेगळं आहे. नाडीची लहर धमन्यांतून धावते, फाट्यांवर आपटते आणि परत फिरते. धमनी जितकी ताठर तितकी लहर वेगवान. तरुण, निरोगी माणसात हा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर असतो. दहाच्या वर गेला की युरोपातले तज्ज्ञ धोक्याची खूण मानतात. लहर लवकर परतली तर हृदय अजून रक्त ढकलत असतानाच समोरून येऊन धडकते. बाईची उंची सरासरीने कमी, म्हणजे लहरीचा प्रवासही छोटा. शिवाय पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेनचं संरक्षण जातं आणि ताठरपणा झपाट्याने वाढतो. पन्नाशीपर्यंत नवऱ्याच्या मागे असलेली बायको साठीनंतर या शर्यतीत त्याला गाठते, ते यामुळे.

या अभ्यासात आपल्या ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलचे मायकेल ओ'रूर्क यांनी याच विषयात आयुष्य घातलं. मनगटावरच्या नाडीवरून हृदयाजवळचा दाब काढणारं यंत्र त्यांच्या कामातून उभं राहिलं. त्यांचे सहकारी अल्बर्टो अव्होलिओ यांच्यासह केलेला 1985 सालचा चीनमधला अभ्यास प्रसिद्ध आहे. मीठ जास्त खाणाऱ्या बीजिंगकडच्या लोकांच्या धमन्या वयाबरोबर दक्षिणेतल्या ग्वांगडोंगच्या लोकांपेक्षा जास्त ताठर होत गेलेल्या दिसल्या. हे वाचल्यावर मी फडताळातलं लोणचं आणि पापडाचं पाकीट काढून मागचं लेबल वाचलं. तुम्हीही वाचा. दिवसाला 5 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. सोडियमच्या भाषेत ते 2000 मिलिग्रॅम. शंभर ग्रॅममध्ये 400 च्या खाली सोडियम असेल तर पदार्थ बरा, असं इथलं सरकार सांगतं. आमचं लोणचं त्या वर्गात पहिल्याच दिवशी नापास झालं.

आई बारीक आहेत. पण "बारीक माणसाला कसला हार्टचा त्रास?" यावर आपल्या पुण्यातूनच उत्तर आलेलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला सडसडीत, आतून चरबी, असा आपला साचा. पोटातली ही चरबी मधुमेह ओढून आणते आणि मधुमेह धमन्या लवकर ताठर करतो. म्हणूनच ऑस्ट्रेलियात 2023 पासून जीपी जे नवं जोखीम-गणित वापरतात, त्यात दक्षिण आशियाई वंशाच्या माणसाची जोखीम आलेल्या उत्तरापेक्षा वरची धरावी का, याचा विचार करायला सांगितलं आहे. जीपी विसरले तर आपण आठवण करावी.

आईंच्या अँजिओग्राफीत एक धमनी बरीच अरुंद निघाली आणि स्टेंट बसला. विम्याचं जे रामायण झालं त्यावर वेगळा लेख होईल. इथे एवढंच, की भेटीला येणाऱ्या आपल्या आई-वडिलांना मेडिकेअर नसतं आणि आधीपासूनच्या आजाराला विमा कंपन्या सहज हात वर करतात. तिकीट काढण्याआधी तिकडेच दोघांचीही तपासणी करून घ्या. दोघांचीही. आणि दुखणं विश्रांतीनेही थांबलं नाही तर दाढ की छाती हा विचार न करता 000 लावा.

त्या धावपळीत जीपींनी मलाही सहज विचारलं, "गरोदरपणात बीपी वाढलं होतं?" धाकटीच्या वेळी चौतिसाव्या आठवड्यात वाढलं होतं, पायांना सूज, हॉस्पिटलात दहा दिवस. बाळंतपणानंतर उतरलं आणि मी विसरून गेले. त्या म्हणाल्या, शरीर विसरत नाही. अशा बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, दरवर्षी बीपी बघायला हवं. मी 38 वर्षांची आहे. सहा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता आठवड्यातून चार दिवस चालायला जाते, वारा असला तरी. आणि वेरिबीत वारा नसतो कधी?

आई-बाबा सांगलीला परतले तेव्हा मशीनही सोबत गेलं. आम्ही दुसरं घेतलं. तिकडच्या वहीत आता दोन रकाने आहेत, तिसरा इथे आमच्या फ्रिजवर. रविवारी व्हिडिओ कॉलवर ताळा होतो. गेल्या रविवारी आईंचा आकडा 134 वर 66 होता. बाबांना त्यांचा विचारला तर म्हणाले, "काल पुतण्याच्या लग्नात जेवलो, या आठवड्याचा धरू नका." मागून आईंचा आवाज आला, "धर गं. मी लिहिलाय."