पावडरीचा डबा आणि घरची भाकरी

फजरची नमाज आटोपून बाहेर पडलो की आमच्या गावच्या कॉलेजच्या मैदानावर मुलामुलींची धावपळ सुरू झालेली दिसते. ही सगळी पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. आमचा भाचा आणि भाची दोघेही त्या गर्दीत असतात.

गेल्या वर्षी व्यायामशाळेत कुणीतरी भाच्याला सांगितले, "भात-भाकरी बंद कर, प्रोटीन वाढव." आमच्या आपांनी भिशीच्या पैशांतून चार हजारांचा पावडरीचा डबा आणून दिला. मुलाने भाकरी सोडली, भात सोडला. सकाळी पावडर, रात्री उकडलेली अंडी आणि काकडी. दोन महिन्यांत वजन पाच किलोंनी उतरले आणि घरात सगळे खूश झाले. मैदानावरचे घड्याळ मात्र वेगळेच सांगत होते. १६०० मीटरची वेळ कमी होण्याऐवजी पंचवीस सेकंदांनी वाढली. एका सकाळी तिसऱ्या फेरीत पाय उचलेनात म्हणून तो मैदानातच खाली बसला. सरांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "रात्री काय जेवलास?"

तो प्रश्न खरे तर आम्हा घरच्यांना होता. मुलावर आम्ही पैसा खर्च केला होता, पण त्याला जेवू घालायचे राहून गेले होते.

धावताना शरीर काय जाळते?

स्नायू आकुंचन पावतात ते एटीपी नावाच्या रेणूतील ऊर्जेवर. त्याचा तयार साठा फक्त काही सेकंद पुरतो. त्याला जोड देणारा आणखी एक साठा दहा-बारा सेकंद साथ देतो. गोळाफेक किंवा १०० मीटरची सुरुवात होते ती यावर. त्यानंतर शरीर साखर फोडून ऊर्जा काढते. ही पद्धत वेगवान असली तरी लवकर दमवते. एक-दीड मिनिट उलटले की मुख्य भार श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूवर येतो. १६०० मीटर धावायला पाच-सहा मिनिटे लागतात, म्हणजे त्यातली बरीचशी ऊर्जा याच मार्गाने मिळते.

त्या वेगात मुख्य इंधन असते कर्बोदकांचे, म्हणजे आपल्या भाकरी, पोळी, भाताचे. जेवणातली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ३०० ते ५०० ग्रॅम एवढीच ही साठवण असते. चरबी मात्र सडपातळ माणसाच्या अंगावरही काही किलो असते. मग शरीर चरबी जाळून का पळत नाही? कारण चरबीतून ऊर्जा मिळण्याचा वेग कर्बोदकांच्या साधारण निम्माच आहे. टाकी भरलेली असते, पण तोटी बारीक. चालण्यासाठी ती धार पुरते, जोरात धावण्यासाठी पुरत नाही.

रोज मेहनत करायची आणि भाकरी टाळायची, म्हणजे रोज साठा वापरायचा आणि भरायचा नाही. काही दिवसांतच पाय जड होतात, चिडचिड वाढते, झोप बिघडते. आमच्या भाच्याचे नेमके हेच झाले होते.

हिशेब भाकरीचा आणि डब्याचा

रोज तासभर कसून मेहनत करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके लागतात. ६० किलोच्या मुलाला दिवसाला किमान ३०० ग्रॅम. चार ज्वारीच्या भाकऱ्या, दोन वाट्या भात आणि दोन केळी एवढ्यात ही गरज जवळपास भागते.

प्रथिनेही हवीतच, कारण व्यायामाने झिजलेले स्नायू त्यांनीच भरून निघतात. खेळाडूला किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ७२ ते १२० ग्रॅम. आता घरचा हिशेब मांडू. चार अंडी २४ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरडी डाळ २२ ग्रॅम, मूठ-दीड मूठ शेंगदाणे १० ग्रॅम आणि चार भाकऱ्यांतून सुमारे २५ ग्रॅम. बेरीज ९७ ग्रॅम होते आणि यात मटण-चिकन धरलेलेच नाही. पावडरीच्या एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे चार अंड्यांएवढी.

पावडर म्हणजे विष नव्हे. पण जेवणाची जागा ती घेऊ शकत नाही. घ्यायचीच असेल तर आपल्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. व्हे प्रोटीन हे चीज तयार करताना निघणाऱ्या पाण्यापासून बनते आणि दूध फाडण्यासाठी कधी कधी प्राणिजन्य रेनेट वापरले जाते. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. म्हणून डब्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

खाण्याची वेळही महत्त्वाची. पहाटे धावणाऱ्याचे खरे जेवण आदल्या रात्रीचे. पहाटे एक केळे किंवा तीन-चार खजूर आणि पाणी पुरे. धावून आल्यावर तासाभरात नीट न्याहारी व्हावी. भाकरी-अंडी, पोहे-शेंगदाणे, दूध-केळी, घरात जे असेल ते. नुसता चहा आणि खारी ही न्याहारी नव्हे.

भाचीचे ताट

भाच्याच्या गडबडीत भाचीकडे कुणाचे लक्षच नव्हते. तीही ८०० मीटरची तयारी करत होती आणि तिलाही धाप लागत होती. आम्ही म्हणत होतो, "सवय होईल." एक दिवस ती म्हणाली, "मामू, भैयाच्या ताटात बोटी असते, माझ्या ताटात रस्सा असतो. मग मी कशावर धावू?"

आम्ही निरुत्तर झालो. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.४ निघाले. तिच्या वयाच्या मुलीचे ते १२ च्या खाली नसावे. फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत नेतो तो हिमोग्लोबिन. तोच कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम टिकणार कसा? हे एकट्या आमच्या घरचे दुखणे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाच्या सवयी बदलायला सांगितल्या. मटण, कलेजी, खिमा यांतले लोह शरीराला सहज लागू पडते. डाळी आणि पालेभाज्यांतले लोह लागू पडावे म्हणून वर लिंबू पिळावे. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, किमान तासाभराचे अंतर ठेवावे, कारण चहा लोहाला अडवतो. आणखी एक खूण आयांनी ध्यानात ठेवावी. व्यायाम करणाऱ्या मुलीची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ती खात असलेले अन्न मेहनतीला पुरत नसण्याची शक्यता असते. लाजेखातर ते लपवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

रमजानमध्ये सराव

"रोजे ठेवून धावायचे कसे?" हा प्रश्न दरवर्षी येतो. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवान रोजे ठेवून सामने खेळत. १९९५ चा फेब्रुवारी जवळजवळ पूर्ण रमजानमध्ये होता आणि त्याच महिन्यात ते एनबीएचे महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. २०२१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात मगरिबनंतर खेळ क्षणभर थांबवून दोन मुस्लिम खेळाडूंना रोजा सोडू देण्यात आला.

घरच्या मुलांसाठी काही साध्या गोष्टी सांगता येतील. सहरी चुकवू नये आणि शक्य तितकी उशिरा करावी. ती सुन्नतही आहे आणि शरीरशास्त्राशीही जुळते. सहरीत भाकरी किंवा दलिया, अंडी, दही आणि पाणी असावे. जोरदार सराव दुपारच्या उन्हात करू नये. हलका सराव इफ्तारच्या थोडा आधी, म्हणजे लगेच पाणी मिळते, आणि कस लावणारा सराव इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी किंवा तरावीहनंतर. इफ्तार खजूर आणि पाण्याने करून भजी-समोशांनी पोट भरण्याआधी जेवणाला जागा ठेवावी. वजनाच्या दोन टक्के पाणी घामाने गेले तरी दम घटतो. ६० किलोच्या मुलात हे फक्त सव्वा लिटर होते. म्हणून इफ्तार ते सहरी थोडे थोडे पाणी पीत राहावे. चक्कर, छातीत धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर सराव तिथेच थांबवावा. आजारी आणि प्रवासी यांना शरीअतने सवलत दिली आहे. आपल्याला ती लागू होते का, हे जाणत्या आलिमांना विचारावे.

आता आपांच्या घरी पावडरीचा डबा रिकामा झाला आहे आणि त्यात शेंगदाणे भरलेले असतात. भाच्याने गमावलेले पंचवीस सेकंद दोन महिन्यांत भरून काढले आणि वर आणखी आठ कमावले. भाचीचे हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले आहे, गोळ्या अजून सुरू आहेत. भरतीत दोघांचे काय होईल ते अल्लाह जाणे. पण दस्तरखानावर दोघांच्या ताटांत आता सारखे वाढले जाते. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा आपल्याही घरातली ताटे एकदा पाहून घ्या.