इंग्रजी निबंध आणि क्रियापदाची शिस्त

कावेरीकाठचे कुंभकोणम् हे मंदिरांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील सरकारी महाविद्यालयाचा लौकिक एके काळी इतका मोठा होता की, त्याला दक्षिणेचे केंब्रिज म्हणत. 1904 साली श्रीनिवास रामानुजन् शिष्यवृत्ती मिळवून या महाविद्यालयात दाखल झाले. गणितावाचून त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. परिणामी इंग्रजी निबंधाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. शाळेत त्यांचे इंग्रजी कच्चे नव्हते. उणीव होती ती लक्ष देण्याची. तथापि एका निबंधापायी केवढी हानी होऊ शकते, हे या घटनेवरून दिसते.

याच महाविद्यालयातून त्यापूर्वी सुमारे सोळा-सतरा वर्षे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री पदवीधर होऊन बाहेर पडले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 साली पुण्यात स्थापलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत ते 1907 साली आले आणि 1915 साली गोखल्यांच्या निधनानंतर तिचे अध्यक्ष झाले. त्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाची वाहवा खुद्द इंग्रजांनीही केली. शास्त्र्यांचीही मातृभाषा तमिळच. तेव्हा परकी भाषा निर्दोष लिहिणे ही जन्मसिद्ध देणगी नव्हे, ती कमावण्याची विद्या आहे, असेच म्हटले पाहिजे.

ही विद्या कमावताना आरंभ कोठून करावा? क्रियापदापासून. शब्दसंग्रह वाचनाने हळूहळू वाढतो. परंतु क्रियापद चुकले की, उत्तम विचारही अडखळत चालतो.

येथे आपल्या भाषांची घडण ध्यानात घेतली पाहिजे. तमिळमध्ये ‘तो आला’ याला ‘अवन् वंदान्’ आणि ‘ती आली’ याला ‘अवळ् वंदाळ्’ म्हणतात. मराठीप्रमाणे तेथेही क्रियापद कर्त्याचे लिंग सांगते. मराठीत तर ‘रामाने पोळी खाल्ली’ आणि ‘सीतेने आंबा खाल्ला’ या वाक्यांत क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. इंग्रजीत हा व्याप नाही. ‘ही केम’, ‘शी केम’. लिंग बदलले तरी रूप तेच. ‘गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग’ एवढ्या पाच रूपांत एका क्रियापदाचा सारा संसार आटोपतो.

मग चुका का होतात? रूपे थोडी असल्यामुळे त्यांची निवड काटेकोर असते. नामाला लागणारा ‘स’ अनेकवचन दाखवतो, तर वर्तमानकाळी क्रियापदाला लागणारा ‘स’ तृतीय पुरुषाचे एकवचन दाखवतो. म्हणून ‘द बॉय रन्स’, पण ‘द बॉइज रन’. विद्यार्थी एक तर दोन्हीकडे ‘स’ लावतो, नाही तर दोन्हीकडे गाळतो. दुसरी चूक काळाची. ‘मी काल पत्र लिहिले आहे’ हे मराठीत चालून जाते. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आले की ‘हॅव रिटन’ला मज्जाव, तेथे ‘रोट’च हवे. तिसरी चूक कथनाची. मराठी कथेकरी ‘राजा वनात गेला’ म्हणून लगेच ‘आणि बघतो तो काय’ असा वर्तमानात उतरतो, आणि ते शोभतेही. इंग्रजी निबंधात मात्र भूतकाळात सुरू केलेली हकीकत कारणावाचून वर्तमानात आणली, तर वाचक गोंधळतो.

सहायक क्रियापदांचे नियमही मोजकेच आहेत. ‘डू’, ‘डिड’, ‘विल’, ‘कॅन’ यांच्यापुढे मूळ रूप येते. म्हणून ‘डिड नॉट वेंट’ अशुद्ध आणि ‘डिड नॉट गो’ शुद्ध. भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने एकदा उचलल्यावर ते पुन्हा ‘गो’वर लादायचे नसते. ‘हॅव’पुढे ‘गॉन’सारखे रूप येते. ‘बी’च्या रूपांपुढे क्रिया चालू असेल तर ‘रायटिंग’ आणि कर्मणी प्रयोग असेल तर ‘रिटन’. मात्र ‘मला ठाऊक आहे’ यातील ‘आहे’ पाहून ‘आय ॲम नोइंग’ लिहू नये. जाणणे ही इंग्रजीच्या दृष्टीने स्थिती आहे, चालू क्रिया नव्हे. तेथे ‘आय नो’ पुरते.

नियम पाठ केल्याने हात वळत नाही. त्यासाठी रोज दहा ओळींचा मजकूर लिहावा, थोड्या वेळाने तो पुन्हा वाचावा आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी. मग तीन प्रश्न विचारावेत: याचा कर्ता कोण व त्याचे वचन कोणते? ही क्रिया कोणत्या काळातली? मागे सहायक क्रियापद असल्यास त्याला कोणते रूप हवे? ज्यांची रूपे अनियमित आहेत, अशी नित्याची क्रियापदे दीडशे-दोनशेच्या घरात आहेत. रोज तीन घेतली तर दोन-सव्वादोन महिन्यांत ती हाताखालची होतात.

विषयाची आवड, विचारांची खोली आणि शैली या गोष्टी कोणतेही व्याकरण देऊ शकत नाही. परंतु ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे, त्याचे म्हणणे क्रियापदाच्या चुकीपायी ऐकल्यावाचून राहू नये, एवढी सोय मात्र ते खात्रीने करते. गुणवान विद्यार्थ्याच्या बाबतीत ही सोय लहान नव्हे.