अधोजत्रु रोहिणी-रक्षण
छातीतील महारोहिणीची दुरुस्ती छाती न उघडता करताना डाव्या हाताकडे जाणाऱ्या अधोजत्रु (गळपट्टीच्या हाडाखालील) रोहिणीचा रक्तप्रवाह टिकवून ठेवण्याचे उपाय.

महारोहिणीची भित्ती फुगल्यास (रोहिणी विस्फार) किंवा तिचे थर विलग झाल्यास, कृत्रिम कापडाने मढविलेली धातूच्या जाळीची नळी जांघेतील रोहिणीतून आत नेऊन रोगट भागात उलगडतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मायकेल डेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीतील महारोहिणीवरील या उपचाराचा अनुभव १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. नळी घट्ट बसण्यास वरच्या बाजूस सुमारे २ सेंमी. निरोगी भित्ती लागते. विकार महारोहिणी कमानीलगत असल्यास ही जागा मिळविण्यासाठी कमानीची शेवटची शाखा, म्हणजे डावी अधोजत्रु रोहिणी, हिचे मुख झाकावे लागते.

मुख झाकल्यावर डाव्या हातातील रक्तदाब उतरतो. परंतु पर्यायी वाहिन्यांतून रक्त मिळत असल्याने हात सहसा निकामी होत नाही. खरा धोका अन्यत्र असतो. याच रोहिणीपासून निघणारी कशेरुक रोहिणी मेंदूचा मागील भाग व मेरुरज्जू यांच्या रक्तपुरवठ्यात सहभागी असते. म्हणून मस्तिष्काघात किंवा दोन्ही पायांचा पक्षाघात संभवतो. आंतर वक्षीय रोहिणी हृद्‌रोहिणीला जोडण्याची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असल्यास हृदयाचाही रक्तपुरवठा तुटतो.

यावरील रूढ उपाय म्हणजे मानेतील ग्रीवा रोहिणी व अधोजत्रु रोहिणी कृत्रिम नळीने जोडणे, अथवा अधोजत्रु रोहिणी कापून थेट ग्रीवा रोहिणीला शिवणे. यात मध्यपटलाची तंत्रिका व मुख्य लसीकावाहिनी यांना इजा होण्याचा संभव असतो. मढविलेल्या नळीला छिद्र ठेवणे, तिच्या बाजूने समांतर नळी बसविणे किंवा शाखायुक्त नळी वापरणे हे अन्य उपाय होत. एका शाखेच्या अशा नळीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

पूर्वनियोजित शस्त्रक्रियेत मुख झाकण्यापूर्वी रक्तपुरवठ्याची सोय करावी, असे अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००९ मध्ये सुचविले. डावी कशेरुक रोहिणी प्रबळ असल्यास किंवा वरील हृदय शस्त्रक्रिया झालेली असल्यास ही सोय अत्यावश्यक मानतात. महारोहिणी फुटून जीव धोक्यात असल्यास मात्र प्रथम रक्तस्राव थांबवून, रक्तपुरवठ्याचा निर्णय रुग्णाच्या स्थितीनुसार घेतात.