गार वारा सुटतो तेव्हा

रोजच्या जगण्यातली एखादी लहानशी गोष्ट उचलायची आणि तिच्याकडे जरा निवांत बघायचं, एवढंच आपण इथे करतो. आजची गोष्ट आहे गार वाऱ्याची. गाव आहे जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही एदलाबाद.

मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांच्या पुढे सहज जातो. दुपारी रस्ते ओस पडतात. मग एखाद्या दिवशी संध्याकाळच्या आधी आभाळ भरून येतं आणि अचानक गार वारा सुटतो. पुण्या-मुंबईत अशा वेळी लोक गच्चीवर येतात, फोटो काढतात, "हुश्श, बरं वाटलं" म्हणतात. इथे चहाच्या टपरीवर बघा. बाहेरगावचा पाहुणा खूश असतो. पण त्याच्या शेजारचा माणूस अर्धा चहा तसाच ठेवून उठतो, मोटारसायकलला किक मारतो आणि शेताकडे निघतो. वारा एकच. मग एकाला सुख आणि दुसऱ्याच्या पोटात गोळा, असं का?

आधी वाऱ्याचं बघू. जमीन तापली की हवा वर चढते, उंचच उंच ढग तयार होतात. ढगातून पडणारा पाऊस वाटेतल्या कोरड्या हवेत थोडा विरतो आणि ती हवा गार करतो. गार हवा जड, म्हणून ती वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. म्हणजे पावसाआधी अंगाला लागणारी ती झुळूक ही येणाऱ्या वादळाची वर्दी असू शकते. खान्देशात अशा वाऱ्याला वावधन म्हणतात.

आता केळी. आपण 'केळीचं झाड' म्हणतो खरं, पण त्यात लाकूड नसतंच. खोड म्हणजे एकावर एक घट्ट गुंडाळलेले पानांचे देठ, आणि आत बहुतेक पाणी. मुळंही फार खोल जात नाहीत. अशा खोडाला वरच्या टोकाला, एका बाजूला, २०-२५ किलोचा घड लटकलेला. वाऱ्याने एक हिसका दिला की खोड मधूनच मोडतं, नाहीतर मुळासकट आडवं होतं.

आणि वेळ कशी बघा! जून-जुलैत लावलेल्या बागेला इथे मृगबाग म्हणतात. तिची निसवण पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर होते आणि मे-जूनमध्ये घड भरत आलेले असतात. वर्षभर पाणी दिलं, खत दिलं, थंडी सोसली, ऊन सोसलं. कापणी चार पावलांवर आली आणि नेमकं तेव्हाच वावधन. एक खोड एकदाच घड देतं. ते पडलं की बुडाशी पील उरतं, पण पैसा मिळायला पुन्हा कितीतरी महिने थांबायचं. कोवळा घड कोण विकत घेणार?

म्हणून बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग दिसते. ती शोभेची नसते, वारा अडवायला असते. घडाच्या झाडाला बांबूचा टेकू असतो, किंवा पट्टीने झाडं एकमेकांना बांधलेली असतात. केळीची फाटलेली पानं बघून 'काय ही अवकळा' असं वाटतं ना? पण पान फाटतं म्हणून वारा आरपार जातो आणि खोडावरचा जोर कमी होतो. अर्थात फार चिंध्या झाल्या तर झाडाचं अन्न तयार होणं घटतं. म्हणजे तिथेही हिशोब आहेच.

अजून एक गंमत. गावाचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या संत मुक्ताबाई १२९७ साली, वैशाखाच्या वद्य पक्षात, इथल्याच तापीकाठी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या, अशी वारकरी परंपरा सांगते. वैशाख वद्य म्हणजे बहुतेक वेळा मे महिन्याचे दिवस. वळवाचेच दिवस! मी यातून काही सिद्ध करत नाही. पण या काठाच्या माणसांना हे आभाळ किती जुन्या काळापासून ओळखीचं आहे, एवढं मात्र कळतं.

याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) आठवतात. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जातं, पाखरं, पेरणी यांतून त्यांनी जग वाचलं. त्यांचं बघणं कामातून आलेलं होतं. टपरीवरून उठणाऱ्या माणसाचं बघणंही तसंच. त्याला हवा कळते, कारण त्याचं वर्ष त्या हवेत उभं असतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी गार वारा सुटला की खुशाल आनंद घ्या. फक्त आजूबाजूला एकदा बघा, कोण हसत नाहीये. जमलं तर त्याला विचारा, "दादा, बाग कुठे आहे तुमची?" बोलणं आपोआप सुरू होईल. भेटू पुढच्या भागात.